क्षयजंतूची प्रथिनं आणि औषधांची जुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हे प्रश्न तीन प्रकारचे लोक पाठवतात: जीवशास्त्राचे विद्यार्थी, फार्मसी शिकणारे आणि घरात कुणाला तरी टीबीची औषधं चालू आहेत असे नातेवाईक. गंमत म्हणजे तिघांचे प्रश्न बरेचदा एकच असतात, फक्त शब्द वेगळे. मी प्रथिनांचे स्फटिक वाढवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषध कोणतं घ्यावं हे इथे मिळणार नाही. औषध जंतूला नेमकं कुठे पकडतं आणि ती पकड कशी सुटते, एवढं मिळेल.

१. प्रथिनाची ‘रचना’ म्हणजे काय? त्यात काय असतं ते, की त्याचा आकार?

दोन्ही, पण या पानावर बहुतेक वेळा आकार. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब माळ. ती माळ सरळ राहत नाही. दुमडते, वळते आणि तिला ठरावीक घडी बसते. घडी बसली की माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी शेजारी येतात. क्षयजंतूच्या ‘इनएचए’ या प्रथिनात २६९ अमिनो आम्लं आहेत. त्यातलं ९४ वं आणि १५८ वं घडीत एकाच खाचेच्या काठावर येऊन बसतात. एन्झाइमचं, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, काम अशा खाचेत चालतं आणि औषधाचा रेणूही बहुधा तिथेच शिरतो. नुसती माळ वाचून खाच दिसत नाही, म्हणून आकाराचा एवढा खटाटोप.

२. मग अणू कॅमेऱ्यात दिसतात का? फोटो तर खूप सुंदर असतात.

ते फोटो नाहीत, मॉडेल आहेत. रंगही आम्हीच भरतो.

जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत स्फटिकांची. शुद्ध प्रथिनाचा मायक्रोलिटरभर थेंब काचेच्या झाकणाला उलटा टांगायचा, खाली क्षारांचं द्रावण ठेवायचं आणि वाट बघायची. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, प्रथिनाचे रेणू दाटीवाटीने रांगेत बसतात आणि नशीब असेल तर स्फटिक येतो. त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्या ठिपक्यांवरून इलेक्ट्रॉनची दाटी कुठे किती आहे याचा नकाशा गणिताने काढतात आणि त्या नकाशात माळ बसवतात.

एकदा तीन आठवडे मी सुंदर सुयांसारख्या स्फटिकांवर खूश होतो. शेवटी बारीक सुईने टोचलं तर कर्रकन तुटले. मीठ! प्रथिनाचा स्फटिक टोचला तर मऊ ढेकळासारखा विस्कटतो.

दुसरी पद्धत क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. यात स्फटिक लागत नाही. रेणू क्षणात गोठवायचे, वेगवेगळ्या बाजूंनी पडलेल्या लाखो अस्पष्ट प्रतिमा घ्यायच्या आणि संगणकावर त्यांची सरासरी काढायची. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. पेशीच्या पटलात रुतलेल्या मोठ्या प्रथिनांना ही पद्धत फार मानवली आहे.

३. हे सगळं करताना जिवंत क्षयजंतू हाताळावे लागतात का?

बहुतेक वेळा नाही. जंतूचं एक जनुक घेऊन ते ई. कोलायसारख्या निरुपद्रवी प्रयोगशाळेतल्या जातीत टाकतात आणि तिच्याकडून प्रथिन बनवून घेतात. त्यात सोयही आहे. ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला जवळपास पूर्ण दिवस लागतो.

अडचण अशी की परक्या पेशीत बनलेलं प्रथिन कधीकधी नीट घडी न बसता गठ्ठा होऊन तळाशी बसतं. मग क्षयजंतूचाच निरुपद्रवी भाऊबंद मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस कामाला लावतात. तयार झालेला रेणू जंतूला खरंच मारतो का, हे तपासताना मात्र जिवंत जंतू लागतो आणि ते काम विशेष सुरक्षित प्रयोगशाळेतच होतं.

४. जंतूत एवढी प्रथिनं. औषधासाठी नेमकं कुठलं धरायचं?

क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या प्रमाण वाणाचा संपूर्ण जीनोम १९९८ मध्ये वाचला गेला: सुमारे ४४ लाख अक्षरं आणि ४००० च्या आसपास जनुकं. त्यातलं प्रत्येक प्रथिन औषधाच्या कामाचं नाही. ते बंद पडलं तर जंतू मेलाच पाहिजे, हे पहिलं. माणसात ते नसावं किंवा पुरेसं वेगळं असावं (प्रश्न ८). आणि त्यात औषधाला धरायला जागा असावी. तिसऱ्या अटीवर बरीच चांगली लक्ष्यं बाद होतात. प्रश्न १३ मध्ये त्यातलंच एक आहे.

५. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे, तेव्हा कुणीच रचना पाहिली नव्हती. मग रचनेवाचून अडलं कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. औषध मिळालं ते रचनेशिवायच. पण पुढची ४० वर्षं ते कसं काम करतं हे धड कुणाला सांगता येत नव्हतं.

पहिला धागा १९९२ मध्ये सापडला: प्रतिरोधी, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, जंतूंमध्ये ‘कॅटजी’ हे जनुक बिघडलेलं होतं. आयसोनियाझिड स्वतः काहीच करत नाही. जंतूचं कॅटजी हे एन्झाइम त्याला चेतवतं, तेव्हा त्यातून औषधाचा खरा तुकडा तयार होतो. जंतू आपल्याच हाताने विष कालवतो म्हणा. दोन वर्षांनी इनएचए हे लक्ष्य समोर आलं. ते जंतूच्या मेणचट पेशीभित्तिकेतली मायकोलिक आम्लं बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम आहे. १९९५ मध्ये त्याची स्फटिकरचना आली.

मग १९९८ मध्ये खाचेत औषधासकट रचना दिसली आणि कोडं सुटलं. खाचेत एकटं आयसोनियाझिड नव्हतंच. इनएचएला कामासाठी एनएडीएच नावाचा मदतनीस रेणू लागतो. औषधाचा तुकडा त्याच मदतनीसाच्या एनएडी या रूपाला रासायनिक बंधाने जोडला गेला होता आणि ती जोडगोळी खाच अडवून बसली होती. बाटलीतल्या गोळीचं सूत्र कितीही घोटलं तरी हे कळलं नसतं.

त्यातून पुढचा विचार सुचला: कॅटजीला वगळून थेट इनएचएच्या खाचेत बसणारा रेणू बनवता येईल का? असे रेणू प्रयोगशाळेत बनले आहेत. कॅटजी बिघडवून आयसोनियाझिडला चकवणाऱ्या जंतूंवरही ते लागू पडतात. दवाखान्यापर्यंत मात्र अजून त्यातला एकही पोचलेला नाही.

६. ४००० प्रथिनांपैकी एकातला एक मणी बदलला, तेवढ्याने औषध निकामी होतं?

होतं. आणि जवळून पाहिलं तर ते इतकं क्षुल्लक दिसतं की राग येतो.

कॅटजीच्या ३१५ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं. प्रतिरोधी जंतूंत तिथे बरेचदा थ्रिओनीन आलेलं असतं. दोघांतला फरक म्हणजे एक जादा कार्बन आणि त्याचे हायड्रोजन. पण ही जागा आतल्या हीमकडे, म्हणजे एन्झाइमचं काम जिथे चालतं त्या लोहयुक्त गटाकडे, जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आहे. तेवढ्या भरीने बोळ अरुंद होतो आणि आयसोनियाझिड आत नीट पोचत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणं हे कॅटजीचं रोजचं काम. त्याचा रेणू आयसोनियाझिडहून लहान, तो मजेत जातो. म्हणजे जंतूचं रोजचं काम बऱ्यापैकी चालू आणि फक्त औषध बाहेर.

रिफॅम्पिसिन या टीबीच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळ्या धाटणीची. ते आरएनए पॉलिमरेज या, जनुकाची आरएनए-नक्कल बनवणाऱ्या, यंत्रातल्या बीटा भागावर, नव्या आरएनएच्या वाटेतच बसतं. दोन-तीन अक्षरं जुळली की धागा औषधावर आदळतो आणि थांबतो. औषधाला धरून ठेवणाऱ्यांत ४५० व्या जागेचं सेरीन आहे, हायड्रोजन बंधाने. तिथे ल्युसीन आलं की तो बंध जातो आणि वर ल्युसीनची बोजड बाजूसाखळी (अमिनो आम्लाचा माळेबाहेर आलेला भाग) धक्का देते. असे बहुतेक बदल या बीटा भागाच्या आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात एकवटलेले असतात, म्हणून जीनएक्सपर्टसारखी चाचणी तेवढाच पट्टा तपासून काही तासांत उत्तर देऊ शकते.

७. म्हणजे औषध बसतं त्या खाचेतच बदल झाला तर प्रतिरोध, नाहीतर नाही?

नाही, इथे भले भले फसतात. तीन अपवाद लक्षात ठेवा.

पायराझिनामाइड या टीबीच्या औषधालाही चेतवावं लागतं आणि ते काम पीएनसीए हे एन्झाइम करतं. त्यातले प्रतिरोधी बदल एका जागी नसून १८६ अमिनो आम्लांच्या सगळ्या माळेत विखुरलेले सापडतात. काही खाचेत, काही धातूचा अणू धरणाऱ्या जागी आणि काही अगदी लांब, जिथे ते फक्त घडी सैल करतात. गुरांमधल्या मायकोबॅक्टेरियम बोव्हिसमध्ये ५७ व्या जागचं हिस्टिडीन मुळातच बदललेलं आहे, म्हणून त्याला हे औषध जन्मतःच लागू पडत नाही.

दुसरा अपवाद: प्रथिन जसंच्या तसं, पण संख्येने जास्त. इनएचए जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात उणे १५ या जागी एक अक्षर बदललं की जंतू इनएचएचं उत्पादन वाढवतो. औषध तेवढंच, कुलपं जास्त.

तिसरा: औषध बाहेर फेकणारे पंप. बेडाक्विलीन या टीबीच्या औषधाबाबत हे बरेचदा दिसतं. आरव्ही०६७८ हे प्रथिन अशा एका पंपाला आवर घालतं. ते बिघडलं की पंप मोकाट सुटतो. बेडाक्विलीनच्या लक्ष्याची रचना कितीही न्याहाळली तरी हा बदल त्यात दिसणार नाही.

८. माणसाच्या शरीरात तसंच प्रथिन असेल तर औषध आपल्यालाही मारणार नाही का?

मायकोलिक आम्लं आपण बनवतच नाही, त्यामुळे तिथे प्रश्न मिटतो. पण डायहायड्रोफोलेट रिडक्टेजसारखं एन्झाइम दोघांतही आहे आणि मुख्य खाच बरीचशी सारखी. २००० मध्ये क्षयजंतूच्या या एन्झाइमची रचना आली तेव्हा खाचेला लागून एक छोटा कोनाडा दिसला. त्यात ग्लिसरॉलचा रेणू बसलेला होता, प्रयोगाच्या द्रावणातला. माणसाच्या एन्झाइममध्ये तो कोनाडा तसा नाही. म्हणजे कोनाड्यात हात घालणारी फांदी औषधाला जोडली तर ते जंतूचं एन्झाइम निवडून धरू शकतं. चुकून शिरलेल्या ग्लिसरॉलने दाखवलेली वाट. अशा गोष्टी या क्षेत्रात नेहमीच्या.

९. ‘रचनेवरून औषध तयार करणं’ म्हणजे रोज नक्की काय करता?

चित्रपटात दाखवतात तसं कुणी पडद्यावर रेणू फिरवून “सापडलं!” म्हणत नाही. कधी संगणकावर लाखो रेणू खाचेत बसवून पाहतात. कधी अगदी लहान तुकडे स्फटिकात भिजवून बघतात की कोणता कुठे चिकटतो, आणि मग शेजारच्या दोन तुकड्यांना जोडतात. मग बनवा, तपासा, पुन्हा रचना काढा, एक अणू बदला. ही फेरी शेकडो वेळा होते.

चांगलं उदाहरण गॅनफेबोरोलचं. लक्ष्य ल्युसिल-टीआरएनए सिंथेटेज, म्हणजे ल्युसीनला त्याच्या वाहकावर चढवणारं एन्झाइम. चुकीचं अमिनो आम्ल चढलं तर ते उतरवण्यासाठी याच एन्झाइमला दुसरी, ‘दुरुस्ती’ची खाच असते. बोरॉन असलेला हा रेणू त्या खाचेत वाहकाच्या टोकाशी बंध जोडतो आणि वाहक तिथेच अडकून पडतो. हे एन्झाइम माणसातही आहे, म्हणून निवडकपणा आणणं हाच खरा कस होता. रेणूत क्लोरिनचा अणू आहे तो त्याच खटपटीचा भाग. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचणीपर्यंत तो पोचला आहे.

१०. संगणकात चपखल बसलेला, नळीत एन्झाइम बंद पाडणारा रेणू जंतूला का मारत नाही?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. रचना सांगते औषध कुठे धरेल. तिथवर पोचेल की नाही हे ती सांगत नाही.

क्षयजंतूची भित्तिका मेणासारख्या लांब साखळ्यांनी भरलेली असते. बरेच रेणू तिथेच अडतात. आत गेलेल्यांना पंप बाहेर काढतात (प्रश्न ७). काहींना जंतूची एन्झाइमं मोडतात (प्रश्न १४). शिवाय नळीत एन्झाइम ९० टक्के बंद झालं तरी जंतूला उरलेले १० टक्के पुरू शकतात.

उलटी फसगतही होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात काही रेणू प्रयोगशाळेत जंतूंना झकास मारत होते, उंदरांत मात्र काहीच नाही. कारण वाढीच्या माध्यमात ग्लिसरॉल होतं आणि रेणूंचा परिणाम त्या ग्लिसरॉलच्या पचनावर अवलंबून होता. उंदराच्या फुप्फुसात जंतू ग्लिसरॉलवर जगत नव्हता.

११. बेडाक्विलीन तरी रचना पाहूनच शोधलं असेल ना?

नाही. स्मेग्मॅटिस जंतूंवर रेणू टाकून कोणता मारतो ते पाहत ते सापडलं आणि २००५ मध्ये जाहीर झालं. लक्ष्य कोणतं हे प्रतिरोधी जंतूंच्या जीनोमवरून कळलं: एटीपी सिंथेज, पेशीची ऊर्जा बनवणारी फिरती चक्की. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध चक्कीच्या फिरत्या कड्याला कसं धरतं हे २०१५ च्या रचनेत दिसलं, तेही एका भाऊबंद जंतूच्या प्रथिनात. म्हणजे मान्यता आधी, चित्र नंतर. एथम्ब्युटॉलला तर त्याहून उशीर झाला. १९६० च्या दशकातलं औषध, आणि लक्ष्यात बसलेलं ते दिसलं २०२० मध्ये.

१२. अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज देणाऱ्या संगणक-प्रणालीने सगळ्या रचना दिल्यावर प्रयोगांची गरज उरली का?

उरली. घडीचा अंदाज ते बहुतेक वेळा फार चांगला देतं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे तो उगाच नाही. पण औषधाला लागते ती खाचेतली बारीक जागा आणि तिथले लवचीक भाग औषध आल्यावर सरकतात. इनएचएमध्ये खाचेवरचा एक लूप कोणता रेणू आत आहे त्यावरून वेगवेगळ्या जागी दिसतो. नवी आवृत्ती रेणूंसकट अंदाज देते, पण मी त्यावर एकट्याने पैसे लावणार नाही. प्रत्येक भागासोबत विश्वासाचा आकडा येतो. ७० च्या खालच्या भागात औषध बसवायला गेलात तर ते वाळूत खुंटी ठोकणं आहे.

१३. रचना उत्तम मिळाली, तरी औषध मिळालं नाही असं कोणतं प्रथिन आहे?

आयसोसायट्रेट लायेज. जंतू शरीरात चरबीवर तग धरतो तेव्हा त्याला हे लागतं, माणसात ते नाही आणि रचना २००० मध्येच आली. कागदावर आदर्श लक्ष्य. पण खाच छोटी, विद्युतभारांनी भरलेली, आणि काम सुरू होताच वरून झाकण पडल्यासारखी मिटते. आत बसतील असे रेणूही छोटे आणि भारित होतात, आणि भारित रेणूंना मेणाची भिंत ओलांडता येत नाही.

१४. पेनिसिलिन टीबीवर का चालत नाही?

जंतूकडे ब्लासी नावाचं एन्झाइम आहे, ते पेनिसिलिनच्या घराण्याची कडी तोडतं. शिवाय भित्तिकेतले बरेच टाके या जंतूत वेगळ्या प्रकारे घातलेले असतात आणि ते घालणारी एन्झाइमं पेनिसिलिनला फारशी दाद देत नाहीत, मेरोपेनेमसारख्या औषधांना देतात. क्लॅव्हुलनेट ब्लासीला निकामी करतं. २००९ मध्ये मेरोपेनेम आणि क्लॅव्हुलनेट या जोडीने अतिप्रतिरोधी जंतूही प्रयोगशाळेत मेले. घोडं अडतं ते मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं इथे.

१५. औषध लक्ष्याला कायमचं चिकटलं तर जास्त चांगलं नाही का?

पकड जबरदस्त असते, पण सगळी भिस्त एका अणूवर. डीपीआरई-१ या एन्झाइमवरची बेन्झोथायाझिनोन औषधं बघा. एन्झाइम औषधाच्या नायट्रो गटाचं रूप बदलतं आणि तोच गट उलटून त्याच्या ३८७ व्या सिस्टीनला कायमचा चिकटतो. त्या जागी सेरीन किंवा ग्लायसीन आलं की खेळ संपला. त्याच खाचेत बसणारे, पण बंध न जोडणारे रेणूही आता रुग्णांवर तपासले जात आहेत. त्यांना ते सिस्टीन असलं काय, नसलं काय.

१६. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहातून फाइल उघडली. कशावर विश्वास ठेवू?

आधी रेझोल्यूशन बघा. एकक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. २ च्या आसपास पाण्याचे रेणूही दिसतात, ३ च्या पुढे बाजूसाखळ्या अंदाजाने बसवलेल्या असू शकतात. हायड्रोजन जवळपास कधीच दिसत नाहीत. मग रामचंद्रन आलेख बघा. माळेचे कोन शक्य त्या पट्ट्यात आहेत का हे तो दाखवतो. १९६३ ची कल्पना आहे आणि आजही प्रत्येक रचना तिच्यातून पार पडते. शेवटी, औषध दाखवलंय तिथे खरंच इलेक्ट्रॉनची दाटी आहे का हे नकाशा उघडून स्वतः पाहा. मी काही फाइलींत हवेत तरंगणारी औषधं पाहिली आहेत.

१७. रिपोर्टमध्ये ‘इनएचए म्युटेशन’ लिहिलंय. आयसोनियाझिड बंद करायचं का?

स्वतःच्या मनाने काहीच बंद करू नका. हा निर्णय डॉक्टरांचाच. पण रिपोर्ट वाचता यावा म्हणून एवढं सांगतो. कॅटजीच्या ३१५ जागेचा बदल सहसा जास्त पातळीचा प्रतिरोध देतो. इनएचएच्या नियंत्रक भागातला (प्रश्न ७ चा दुसरा अपवाद) सहसा कमी पातळीचा, आणि तिथे डॉक्टर कधीकधी वाढीव मात्रेचा विचार करतात. याच बदलाने इथिओनामाइड हे टीबीचं दुसरं औषधही कमजोर पडतं. कारण ते वेगळ्या एन्झाइमकडून चेतवलं जात असलं तरी शेवटी एनएडीला जोडून इनएचएच्या त्याच खाचेत जाऊन बसतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टचं पूर्ण पान न्या. ‘रेझिस्टंट’ या शब्दाशेजारी जनुकाचं नाव छापलेलं असतं, ते त्यांना लागतं.